‘९९ टक्के अचूक’ म्हणजे नेमकं काय? येरवड्याचा सिरो सर्व्हे आणि टीबी शोधणारं एआय

एका ओळीचा प्रोग्रॅम लिहून मी टीबी ओळखणारं सॉफ्टवेअर बनवू शकतो. एक्स-रे टाका, वय टाका, काहीही टाका, उत्तर कायम एकच: ‘टीबी नाही’. भारतातल्या प्रौढांवर हा प्रोग्रॅम चालवला तर त्याची अचूकता भरेल ९९.६८ टक्के. यात काहीही खोटं नाही. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या दर लाख लोकांमागे ३१६ जणांना टीबी असल्याचा अंदाज निघाला. उरलेल्या ९९,६८४ जणांबद्दल माझा प्रोग्रॅम अगदी बरोबर बोलतो. चुकतो तो फक्त त्या ३१६ जणांबद्दल, ज्यांच्यासाठी तो लिहायचा होता.

मशिन लर्निंगच्या पहिल्याच महिन्यात हे शिकवतात. तरीही आरोग्याच्या बातम्यांमध्ये आणि स्टार्टअपच्या प्रेस नोटमध्ये ‘अचूकता ९५ टक्के’ असा एकच आकडा ठोकून दिलेला असतो आणि आपण तो परीक्षेच्या मार्कांसारखा वाचतो. सध्या याकडे नीट बघायची गरज आहे, कारण ही सॉफ्टवेअर आता लॅबमधून थेट वस्तीत आली आहेत. ७ डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारने टीबीविरोधी शंभर दिवसांची मोहीम सुरू केली. हातात धरून नेता येणारी एक्स-रे मशिन आणि त्याला जोडलेलं एआय हा तिचा मोठा भाग होता. तपासणीसाठी ज्यांना प्राधान्य, त्यात दाटीने राहणारे लोक आणि तुरुंगातले कैदीही होते. येरवड्यात दोन्ही आहेत.

पण एआयकडे जाण्याआधी २०२० मध्ये जाऊया. मोजमापातली चूक, त्यावरून केलेलं भाकीत आणि या दोन्हींतला फरक समजून घ्यायला पुण्याच्याच सिरो सर्व्हेइतकं चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

येरवडा: ५६.६ टक्के

२० जुलै ते ५ ऑगस्ट २०२० या काळात पुण्यातल्या पाच प्रभागांत १,६६४ लोकांचं रक्त घेतलं गेलं. आयसर पुणे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि पुणे महापालिका यांचं हे काम होतं. सोबत फरिदाबादची टीएचएसटीआय आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज होतं. रक्तात कोरोनाविरुद्धच्या अँटिबॉडी आहेत का, एवढंच बघायचं होतं. १७ ऑगस्टला निकाल आला: एकूण ५१.५ टक्के पॉझिटिव्ह. लोहियानगर–कासेवाडी ६५.४, नवी पेठ–पर्वती ५६.७, येरवडा ५६.६, रास्ता पेठ–रविवार पेठ ४५.७ आणि कसबा पेठ–सोमवार पेठ ३६.१.

‘निम्म्या पुणेकरांना कोरोना होऊन गेला’ असा निष्कर्ष तेव्हा बऱ्याच जणांनी काढला. तो चूक होता. हे पाच प्रभाग चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. जिथे रुग्ण जास्त सापडत होते तेच भाग घेतले होते. कोथरूड किंवा बाणेरबद्दल या आकड्यांतून काहीच कळत नाही. रक्ताची टेस्ट कितीही चांगली असली तरी रक्त कुणाचं घेतलं, यातून शिरणारी चूक टेस्टला दिसत नाही.

दुसरी गोष्ट दशांशाची. १,६६४ ला पाचने भागलं तर एका प्रभागात सरासरी ३३० च्या आसपास लोक येतात. एवढ्या नमुन्यावर ५६.६ टक्के आले, तर साध्या संख्याशास्त्राने खरा आकडा साधारण ५१ ते ६२ च्या मध्ये कुठेतरी असतो. म्हणजे येरवडा ५६.६ आणि नवी पेठ ५६.७ हा फरक शून्य समजा. येरवडा आणि कसबा पेठेतला वीस टक्क्यांचा फरक मात्र खरा आहे. तो का आहे, तेही त्याच सर्व्हेत दिसतं: सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के पॉझिटिव्ह, स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांत ४५.३. माझ्या मते अख्ख्या सर्व्हेतली सगळ्यात कामाची ओळ हीच होती. चर्चा झाली ती हर्ड इम्युनिटीची.

तेच किट, दोन उत्तरं

आता टेस्टच्या चुकीकडे येऊ. कुठल्याही टेस्टच्या चुका दोन प्रकारच्या असतात. आजारी माणूस सुटून जाणं ही एक आणि धडधाकट माणूस पकडला जाणं ही दुसरी. शंभर खऱ्या पॉझिटिव्हपैकी किती पकडले, याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. शंभर खऱ्या निगेटिव्हपैकी किती जणांना बरोबर ‘नाही’ म्हटलं, ती स्पेसिफिसिटी.

पुण्याच्या एनआयव्हीने २०२० मध्येच ‘कोविड कवच’ नावाचं अँटिबॉडी किट बनवलं. शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधात त्याची सेन्सिटिव्हिटी ९२.३७ टक्के आणि स्पेसिफिसिटी ९७.९ टक्के दिली आहे. पुण्याच्या पाच प्रभागांत वेगळी टेस्ट वापरली होती, पण समजा येरवड्यात हेच किट वापरलं असतं. दहा हजार लोक घ्या आणि त्यातल्या ५,६६० जणांना खरंच संसर्ग होऊन गेलाय असं धरा. किट त्यातले ५,२२८ पकडेल. उरलेल्या ४,३४० पैकी २.१ टक्के, म्हणजे ९१ जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणेल. हातात पॉझिटिव्ह रिपोर्ट असलेल्या शंभर जणांपैकी ९८ खरे. उत्तम.

आता तेच किट घेऊन देशभर जा. आयसीएमआरचा पहिला राष्ट्रीय सिरो सर्व्हे मे-जून २०२० मध्ये झाला आणि ‘कोविड कवच’ त्यातच वापरलं गेलं. प्रौढांमधला संसर्गाचा अंदाज निघाला ०.७३ टक्के. दहा हजारात ७३ खरे, त्यातले किट पकडणार ६७. उरलेल्या ९,९२७ पैकी २.१ टक्के म्हणजे २०८ खोटे पॉझिटिव्ह. एकूण २७५ पॉझिटिव्ह, त्यात खरे फक्त ६७. शंभर रिपोर्टपैकी ७६ खोटे!

किट तेच, लॅब तीच, चुकीचं प्रमाणही तेच. येरवड्यात रिपोर्टवर डोळे झाकून विश्वास ठेवा आणि देशाच्या सर्व्हेत तोच रिपोर्ट नाणं उडवण्यापेक्षाही वाईट. म्हणजे ‘हे किट किती अचूक आहे’ या प्रश्नाला, कुठे वापरणार ते सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

आयसीएमआरच्या लोकांना हे अर्थातच माहीत होतं. ‘कवच’वर जो नमुना पॉझिटिव्ह आला तो त्यांनी युरोइम्यून नावाच्या दुसऱ्या किटवर पुन्हा तपासला आणि दोन्हींवर पॉझिटिव्ह आला तरच मोजला. शिवाय टेस्टची चूक माहीत असेल तर ती हिशेबातून वजाही करता येते. दहावीच्या बीजगणिताएवढंच सूत्र आहे. गंमत म्हणजे येरवड्याच्या ५६.६ ला ‘कवच’च्या आकड्यांनी ही दुरुस्ती लावली तर उत्तर कमी होत नाही, वाढून ६० वर जातं, कारण तिथे खोट्या पॉझिटिव्हपेक्षा सुटून गेलेले जास्त असतात.

मोजणं वेगळं, भाकीत वेगळं

टेस्टची चूक त्यातल्या त्यात सुसह्य असते. ती लॅबमध्ये मोजता येते आणि कागदावर लिहिता येते. भाकिताचं तसं नाही.

१८ ऑक्टोबर २०२० ला विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नेमलेल्या समितीने आपलं गणिती मॉडेल जाहीर केलं. आयआयटी हैदराबादचे एम. विद्यासागर, आयआयटी कानपूरचे मणिंद्र अग्रवाल आणि लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर ही त्यातली प्रमुख नावं. साथीचा शिखरबिंदू सप्टेंबरमध्ये होऊन गेलाय, नियम पाळले तर फेब्रुवारी २०२१ अखेर लक्षणं असलेले अगदी थोडे रुग्ण उरतील, असं मॉडेल सांगत होतं. त्यांच्या हिशेबाने तेव्हाच देशातल्या ३० टक्के लोकांना संसर्ग होऊन गेला होता.

हा ३० चा आकडा रक्त तपासून आला नव्हता, मॉडेलमधून आला होता. आयसीएमआरच्या दुसऱ्या सर्व्हेत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तो ६.६ टक्के होता. डिसेंबर-जानेवारीच्या तिसऱ्या सर्व्हेत प्रौढांमध्ये २१.४. म्हणजे ऑक्टोबरमध्ये धरलेली पातळी जानेवारीतही प्रत्यक्ष मोजमापात दिसली नाही. संसर्ग होऊन गेलेले लोक जास्त धरले की साथ लवकर संपताना दिसते, हे ओघानेच आलं. फेब्रुवारीतच अमरावती आणि विदर्भात रुग्ण वाढायला लागले. पुढे डेल्टा म्हणून ओळखला गेलेला व्हेरिएंट पसरला आणि मेच्या पहिल्या आठवड्यात देशात एका दिवसात चार लाखांवर नवे रुग्ण नोंदले गेले. सप्टेंबरच्या शिखराला हाच आकडा ९८ हजारांच्या आत होता.

मला या समितीची टर उडवायची नाही. ‘नियम पाळले तर’ ही अट त्यांनी घातली होती. पण त्या वाक्यात न लिहिलेली दुसरी अट होती: विषाणू आहे तसाच राहील. मॉडेल जो कमी-जास्त पट्टा दाखवतं, तो गृहीतकं खरी धरून काढलेला असतो. गृहीतकच मोडलं तर पट्टा कितीही रुंद असून उपयोग नाही. येरवड्याच्या ५६.६ मध्येही हेच घडलं. मोजल्या होत्या अँटिबॉडी, लोकांनी वाचलं ‘आता आपल्याला होणार नाही’. पुण्यात पहिल्या लाटेचं शिखर आलं ते त्या सर्व्हेचा निकाल लागल्यानंतर, सप्टेंबरमध्ये. दुसरी लाट त्याहून मोठी होती.

आता एक्स-रे बघणारं एआय

छातीचा एक्स-रे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये मान्यता दिली, १५ वर्षांवरच्या लोकांसाठी. पहिल्या चाळणीसाठी वापरायच्या टेस्टची त्यांची किमान अपेक्षा आहे सेन्सिटिव्हिटी ९० टक्के आणि स्पेसिफिसिटी ७० टक्के. चांगली सॉफ्टवेअर याहून बरी कामगिरी करतात, पण किमान पट्टीवरच हिशेब करून बघू. एक लाख प्रौढ, त्यात ३१६ टीबीचे. सॉफ्टवेअर २८४ पकडेल, ३२ सोडेल आणि २९,९०५ निरोगी लोकांच्या एक्स-रेवर लाल खूण करेल. लाल खूण झालेल्या शंभरात टीबी असलेला धड एकही नाही.

आता तुरुंग घ्या. समजा हजार कैद्यांमध्ये २० जणांना टीबी आहे (हा आकडा फक्त उदाहरणासाठी). १८ पकडले जातील, २९४ उगाच अडकतील. म्हणजे लाल खुणांच्या शंभरात जवळपास सहा खरे. सॉफ्टवेअर तेच असून लाल खुणेची किंमत सहापट वाढली. सरसकट सगळ्या लोकसंख्येची तपासणी करायची तर टीबीचं प्रमाण ०.५ टक्के किंवा जास्त असलेल्या भागात करावी आणि तुरुंगांत मात्र पद्धतशीरपणे करावीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, त्यामागे बऱ्याच अंशी हे गणित आहे.

मग एवढे खोटे इशारे देणारी गोष्ट वापरायचीच कशाला? कारण त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की एक्स-रे काढला नसता तर टीबीचे ४२.६ टक्के रुग्ण सापडलेच नसते. त्यांच्यात विचारण्यासारखी लक्षणंच नव्हती. एआयची लाल खूण म्हणजे ‘तुम्हाला टीबी आहे’ नव्हे, तर ‘थुंकी तपासून घ्या’. पुढचं काम नॅट टेस्टचं. त्यातलं ट्रूनॅट मशिन बनवणारी मोलबायो ही तर गोव्याचीच कंपनी. दोन किटवर पॉझिटिव्ह आला तरच मोजायचं, हा आयसीएमआरचा मार्ग आणि हा मार्ग तत्त्वाने एकच आहे.

प्रत्यक्षात अडचण येते ती दोन टेस्टच्या मधल्या दिवसांत. एक्स-रे पाच मिनिटांत होतो, थुंकीचा रिपोर्ट यायला वेळ लागतो आणि तोवर शेजारपाजारी, कामाच्या ठिकाणी बातमी पसरलेली असते. रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होतो तो वेगळाच. हा खर्च कुठल्याच अचूकतेच्या टक्क्यात धरलेला नसतो.

आणखी एक गोष्ट, जी मला इंजिनियर म्हणून जास्त खटकते. फिल्डवर थुंकी तपासली जाते ती प्रामुख्याने लाल खूण झालेल्यांची. ज्यांना सॉफ्टवेअरने हिरवं दाखवलं ते घरी जातात. त्यांच्यातले ते ३२ जण कुणालाच दिसत नाहीत, त्यामुळे फिल्डच्या डेटावरून काढलेली सेन्सिटिव्हिटी आहे त्यापेक्षा छान दिसते. यावर उपाय आहे, महाग आहे: हिरव्या खुणांमधलेही काही जण चिठ्ठी टाकून निवडायचे आणि त्यांचीही थुंकी तपासायची. एखादी कंपनी अचूकतेचा आकडा घेऊन आली तर मी आधी हेच विचारेन की तुम्ही निगेटिव्ह लोक तपासले होते का.

दुसरा प्रश्न कटऑफचा. ही सॉफ्टवेअर ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगत नाहीत, एक स्कोअर देतात. कितीच्या वर लाल करायचं, हे सेटिंगमध्ये माणूस ठरवतो. कटऑफ खाली आणला तर सुटणारे कमी होतात आणि थुंकीच्या टेस्टचा खर्च वाढतो, वर नेला तर उलट. येरवडा कारागृहासाठी आणि कल्याणीनगरच्या आयटी कंपनीतल्या हेल्थ चेकअपसाठी हा आकडा एकच असण्याचं काही कारण नाही. आपापल्या भागातल्या लोकांवर तपासूनच तो ठरवावा, असा सल्लाही आहे. बहुतेक ठिकाणी मात्र मशिनसोबत आलेला आकडा तसाच चालवला जाण्याची भीती असते, कारण बदलायचा कुणी, डॉक्टरने, महापालिकेने की कंपनीने, हे टेंडरमध्ये लिहिलेलं नसेल तर तो कुणीच बदलत नाही.