दादर टी. टी.

कॉलेजला येताना कंडक्टर रोज 'दादर टी. टी.' असे ओरडतो आणि आम्ही उतरतो. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस, हे मला पहिले वर्ष संपेपर्यंत ठाऊक नव्हते. आजोबांना विचारले तर ते हसले. "अरे, गिरणी सुटली की आम्ही ट्रामनेच हिंडायचो!"

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, ७ मे १९०७ रोजी विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. ती संथ आहे, रस्ता अडवते, असा तिच्यावर आरोप होता. तो अगदीच खोटा होता असे नाही. रूळ रस्त्याच्या मधोमध, म्हणजे उतारूने भर रहदारीत उतरायचे. पुढे हातगाडी अडली तर बस वळसा घालून जाईल, ट्राम कुठे जाणार? एक बंद पडली की मागच्या साऱ्या खोळंबल्या!

पण यात दोष ट्रामचा किती आणि रस्त्याची वाटणी करणाऱ्यांचा किती? रुळांवर मोटारी मोकळ्या सोडायच्या आणि मग ट्राम रखडते म्हणून तिलाच हाकलायचे, हा कुठला न्याय? पॅरिसनेही एकेकाळी ट्राम मोडीत काढली होती. १९९२ पासून तिथे ती पुन्हा आली, पण बहुतेक ठिकाणी स्वतःच्या राखीव पट्टीवरून. उलट कलकत्त्यात सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने एस्प्लनेड-मैदान एवढीच फेरी वारसा म्हणून ठेवून बाकीची ट्राम बंद करण्याचे जाहीर केले. कारण तेच, वाहतुकीची कोंडी.

मुंबईत ट्राम परत आणा, असे माझे म्हणणे नाही. रूळ उखडून साठ वर्षे झाली. मला भीती वाटते ती बसची. मे २०२५ मध्ये बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. विद्यार्थ्याच्या खिशाला ते जाणवते. आणि एवढे देऊनही बस अडकते कुठे, तर मोटारींच्याच मागे. मुख्य रस्त्यांवर एक पट्टी फक्त बससाठी राखून ठेवायला काय हरकत आहे? मोटारवाले ओरडतील, हे खरे. पण बसमधले पन्नास-साठ जण ओरडत नाहीत, म्हणून त्यांना घाई नसते काय?

परवा आमची बस पुलाखाली वीस मिनिटे जागची हलली नाही. खिडकीतून शेजारच्या मोटारी मोजल्या. सतरांपैकी बारांत एकेकच माणूस होता. शेवटी कंडक्टरच म्हणाला, "पोरांनो, उतरा, चालत लवकर पोचाल." आम्ही उतरलो.