बियाण्याला भट्टी नको, कोरडी हवा द्या

सध्या आपल्या भागातल्या शेतकरी कंपन्या ड्रायर घ्यायच्या मागं आहेत. चांगलंच आहे. पण एकाच भट्टीच्या ड्रायरमधी मकाही वाळवायचा अन् कांद्याचं बियाणंही, हे मला पटत नाही.

ऑक्टोबरात सिल्लोड-कन्नडकडं मका भिजतो. मॉइश्चर 14 च्या वर दिसलं की भाव पडला. हवा 30 अंश अन् आर्द्रता 80 टक्के असली तर नुसता पंखा कितीही फिरवा, मका 15-16 च्या खाली येत नाही. दाणा हवेतली ओल धरूनच बसतो. तीच हवा 10 अंशानं तापवली की आर्द्रता 46 च्या आसपास येते अन् मका वाळतो. विक्रीच्या मक्याला एवढं बस झालं, त्याला महागडं मशीन कशाला?

बियाणं मात्र जिवंत असतं. ओलं असताना 50 अंशाच्या हवेत टाकलं की उगवण गेली. दिसायला दाणा टणकच दिसतो, कळतं ते पेरल्यावर. म्हणून तिथं हवा जास्त तापवायची नाही, हवेतली ओल काढायची.

हे काम वाळूजच्या प्लॅस्टिक कारखान्यांत रोजचं आहे. नायलॉनचे दाणे हवेतलं पाणी ओढतात. ओल 0.2 टक्क्याच्या वर राहिली की पार्टवर चंदेरी रेघा उमटतात. म्हणून आधी कोरड्या हवेत 80 अंशावर तीन-चार तास वाळवतात. मशीनमधलं सिलिका जेल किंवा तसलंच शोषक हवेतली ओल ओढून घेतं, मग गरम हवा मारून त्यालाच पुन्हा कोरडं करतात. बियाण्याला 80 अंश चालणार नाही, 35 च्या आत ठेवायचं. बाकी तत्त्व तेच. प्लॅस्टिकच्या दाण्याची एवढी निगा, अन् पुढच्या हंगामाच्या बियाण्याला भट्टी!

खर्च आहे, लाईटबिल येतं, खरंय. म्हणून गावोगाव नको. चार-पाच कंपन्यांनी मिळून एक घ्यावं, फक्त बियाण्यासाठी अन् कांदा पावडरसाठी. पावडर तर पावसाळ्यात उघडी राहिली की गोळाच होतो.

ज्यांचं घरचं दोन-चार किलो कांदा बियाणं आहे त्यांना मशीन लागतच नाही. मे महिन्यातली आपली दुपारची हवाच कोरडी असते. सावलीत पातळ पसरा. प्रमाणित बियाण्याला साध्या पिशवीत 8 टक्के ओल चालते, हवाबंद डब्यात 6 च लागते. किलोमागं 8 चे 6 करायला साधारण 20 ग्रॅम पाणी काढायचं असतं. पाव किलो कोरडं सिलिका जेल फडक्यात बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवा. अन् हे मृगाच्या आधी करा. जूननंतर गोणीतलं बियाणं रोज ओल ओढतं.

कंपनीवाल्यांनी कोटेशन घेताना एकच विचारा: दाण्याला लागणाऱ्या हवेचं तापमान किती अन् आर्द्रता किती? जो नुसतं तासाला किती क्विंटल एवढंच सांगतो, त्याचं मशीन मक्यासाठी घ्या.