डब्यावरील अक्षर आणि दुकानदाराचा शब्द

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्यानंतर जो खुलासा वारंवार कानी आला तो असा, की या लोकांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही, डब्यावरील सूचना वाचल्या नाहीत. हे काही अंशी खरे असेलही. परंतु त्यातून दोष मृतांच्याच पदरी घालणे आम्हांस मान्य नाही.

आपले बहुतेक ज्ञान दुसऱ्याच्या शब्दावरच उभे असते. डॉक्टरांनी दिलेली गोळी आपण पृथक्करण करून गिळत नाही. कापूस पिकविणाराही तेच करतो. २००२ साली बीटी कपाशी आली, ती बोंडअळीसाठीची फवारणी कमी होईल या आश्वासनासह. काही वर्षे ते खरे ठरले. पुढे गुलाबी बोंडअळी त्या बियाण्याला पुरून उरली आणि शेतकरी पुन्हा पंपाकडे वळला. कोणते औषध, किती, कशात मिसळून, हे विचारायचे कोणाला? कृषी खात्याचा माणूस गावात क्वचित दिसतो, कृषी केंद्राचे दुकान मात्र रोज उघडे असते. सल्ला देणारा आणि माल विकणारा तेथे एकच. (दुकानदारास खलनायक ठरविण्याचा आमचा हेतू नाही, त्यालाही माहिती मिळते ती बव्हंशी विक्रेत्या कंपनीकडूनच.)

डब्यावर त्रिकोण छापण्याची तरतूद १९७१ च्या कीटकनाशक नियमांत आहे. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. निरक्षरासाठी योजलेली ही लिपी त्याला शिकविली कोणी? शिवाय रोजंदारीवरील मजुराच्या दृष्टीस डबा पडतोच असे नाही. द्रावण मालक कालवतो, मजुराच्या पाठीवर भरलेला पंप येतो. रुग्णालयात औषधाचे नाव विचारले, तर तो काय सांगणार? ऑर्गनोफॉस्फेट गटातील विषावर ॲट्रोपिन चालते. सर्वच विषांवर नव्हे.

म्हणून मागणी साधी आहे. विक्रेत्याने आपला तोंडी सल्ला मराठीत लिहून, औषधाचे नाव, कीड, प्रमाण व सहीसह शेतकऱ्याच्या हाती द्यावा, आणि त्याची एक प्रत फवारणाऱ्या मजुराच्या खिशात असावी.