कुंपण शब्दाचं, पाणी सगळ्यांचं

चंदीगडला पाहुणे आले की त्यांना दोन ठिकाणं दाखवावीच लागतात. एक रॉक गार्डन आणि दुसरं सुखना तलाव. संध्याकाळी तलावाच्या काठावर अर्धं शहर फिरायला आलेलं असतं. पेन्शनर, नवी जोडपी, बाबागाडीतली पोरं. समोर शिवालिकच्या डोंगरांची निळसर रांग. अशा जागी बसलं की नोकरीला कंटाळलेल्या तरुणांच्या मनात एक विचार हमखास डोकावतो. पुरे झालं हे ऑफिस! कुठंतरी जमीन घ्यावी, चार समविचारी माणसं जमवावीत, शेती करावी आणि तिथंच राहावं.

असा विचार करणारी मुलंमुली आता पुण्या-ठाण्यातही घरोघरी भेटतात. त्यांच्या तोंडी एक शब्द असतो, पर्माकल्चर. ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी तो घडवला आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ‘परमनंट’ आणि ‘ॲग्रिकल्चर’ यांची ही जोडी, म्हणजे कायम टिकणारी शेती. रान कसं कुणी खतपाणी न घालता उभं राहतं? उंच झाडाखाली लहान झाड, त्याखाली झुडूप, वेल, जमिनीत कंद. शेतीची आखणीही तशीच करायची. पावसाचं पाणी उतारावरच अडवायचं, पालापाचोळा मातीतच मुरवायचा.

आपल्या आजीला यात नवं काही वाटणार नाही. मोरीचं पाणी अळवाला आणि केळीला सोडायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं!

पर्माकल्चरची सूत्रं तीन. जमिनीची काळजी घ्या, माणसांची काळजी घ्या आणि जे पिकेल त्याची न्यायानं वाटणी करा. पहिली दोन सगळ्यांना चटकन पटतात. गाडी अडते ती तिसऱ्यावर. एकत्र राहायला निघालेली मंडळी बहुधा बियाणं आणि खत यांवरून भांडत नाहीत, ती भांडतात वाट्यावरून. म्हणूनच अशी वस्ती शोधायला निघण्यापूर्वी चंदीगडपासून जेमतेम ३० किलोमीटरवरच्या एका गावाची गोष्ट ऐकून ठेवावी. त्या गावानं पर्माकल्चर हा शब्दही ऐकला नव्हता. गावाचं नाव सुखोमाजरी.

गोष्ट सुरू होते सुखना तलावापासूनच. नव्या चंदीगडची शोभा वाढावी म्हणून १९५८ साली शिवालिकमधून येणाऱ्या एका पावसाळी ओढ्याला बांध घालून हा तलाव केला गेला. पण दर पावसाळ्यात ओढ्याबरोबर मातीही येऊ लागली. पंधरा-वीस वर्षांत निम्म्याहून अधिक तलाव गाळानं भरला. गाळ उपसायला दरसाल पैसा ओतायचा आणि पुढच्या पावसात पुन्हा येरे माझ्या मागल्या!

केंद्रीय मृद व जलसंधारण संशोधन संस्थेच्या चंदीगड केंद्राचे प्रमुख पी. आर. मिश्रा यांनी ठरवलं, तलावात उतरण्याऐवजी ही माती येते कुठून ते पाहावं. माग काढत ते डोंगरात गेले. बराचसा गाळ सुखोमाजरीच्या भोवतालच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवरून येत होता. गाव साठेक घरांचं. जमीन थोडी, तीही पावसाच्या भरवशावरची. पोटासाठी लोक बकऱ्या पाळत, आणि बकऱ्या टेकडीवर हिरवं पान म्हणून शिल्लक ठेवत नसत.

शास्त्रज्ञांनी आधी नेहमीचेच उपाय केले. चर खणले, रोपं लावली आणि बकऱ्या आवरा म्हणून गावाला सांगितलं. गावकऱ्यांनी ऐकून घेतलं आणि बकऱ्या पुन्हा टेकडीवर सोडल्या. का नाही सोडणार? तलाव चंदीगडचा, त्याच्या काठावरची हवा चंदीगडकरांची. त्यासाठी सुखोमाजरीच्या बाईनं आपली बकरी का विकावी?

१९७६ साली गावाजवळच्या घळीत एक छोटं मातीचं धरण बांधलं गेलं. मूळ हेतू घळीची धूप थांबवण्याचा. पण पावसानं दगा दिला तेव्हा तेच साठलेलं पाणी शेतात सोडलं आणि पीक वाचलं. डोंगर राखला तर धरणात गाळ येणार नाही, आणि धरण टिकलं तर घरात गहू येईल, हे गावाला व्याख्यानाशिवाय कळलं.

पण भांडण लगेच उभं राहिलं. पाणी मिळणार शेतवाल्यांना. ज्याच्याकडं जमीनच नाही, त्यानं बकऱ्या कशासाठी आवरायच्या? खरी कसोटी इथं होती. खूप चर्चा झाली आणि शेवटी गावानं तोडगा काढला. प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वाटा. जमीन दहा एकर असो की नसो. ज्याला शेत नाही, त्यानं आपला वाटा दुसऱ्याला विकावा किंवा त्याच्या पिकात भागीदार व्हावं. बदल्यात प्रत्येक घरानं डोंगर राखायचा. ना तारेचं कुंपण, ना पहारेकरी! गावानं एकमेकांना दिलेला शब्द हेच कुंपण. गावाची सोसायटी उभी राहिली आणि ती हे सगळं पाहू लागली.

बकऱ्या अडीचशेच्या घरात होत्या, दहा-अकरा वर्षांत त्या दहावर आल्या. म्हशी ऐंशीच्या आसपास होत्या, त्या तीनशेच्या जवळ गेल्या. घरोघरी दूधदुभतं आलं. टेकडीवर १९७६ साली हेक्टरी १३ झाडं होती, १९९२ सालापर्यंत ती हजाराच्या पुढं गेली. भाबर नावाचं गवत तिथं वाढतं, त्याचे दोर वळतात आणि कागदही करतात. पूर्वी या गवताचा लिलाव ठेकेदार घेई. आता तो हक्क सोसायटीकडं आला आणि गवताचे पैसे गावात राहू लागले. या टेकड्यांवरून तलावाकडं जाणारा गाळ ९० टक्क्यांहून अधिक कमी झाला. उजाड डोंगर हिरवा करून मिळवलेल्या उत्पन्नावर ज्याला आयकर लागला, असं देशातलं पहिलं गाव म्हणून सुखोमाजरी गाजलं!

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिथंही पाणी जमिनीच्या मापानं नाही, तर घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही वाटा आणि उसाला बंदी. राळेगणसिद्धीत चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली गेली, तीही गावानं स्वतःवर घालून घेतली म्हणूनच. गाव करील ते राव काय करील, ही म्हण काही उगीच पडलेली नाही.

सुखोमाजरीची गोष्ट मात्र इथंच गोड होऊन संपत नाही. १९९० च्या दशकात सरकारी खात्यांनी सोसायटीच्या उत्पन्नातला आपला वाटा वाढवला, वर करही आले. ज्यांनी डोंगर राखला त्यांच्या हातात उरणारे पैसे कमी झाले. धरणांत हळूहळू गाळ साचला, तो उपसायला पूर्वीचा उत्साह राहिला नाही. शिकलेली मुलं आसपासच्या कारखान्यांत आणि शहरात कामाला जाऊ लागली. झाडं उभी राहिली, पण गावाला बांधून ठेवणारी गाठ सैल झाली. वाटणीनं जोडलेलं गाव वाटणी बिघडताच विस्कटू लागलं.

मग नव्यानं वस्ती शोधणाऱ्यानं यातून काय घ्यावं? स्वप्न सोडू नये. आपल्याकडंही धडपडणारे लोक आहेत. १९९४ साली दोनेक डझन शहरी मंडळींनी सह्याद्रीच्या पायथ्याशी, नेरळ-कर्जतच्या परिसरात मिळून ६४ एकर जमीन घेतली आणि तिला वनवाडी म्हटलं. तोड झालेल्या त्या रानाला त्यांनी मुख्यतः राखण दिली आणि रान पुन्हा वाढलं. कुठलं पान खायचं आणि कुठलं औषधाला, हे ज्ञान मात्र शेजारच्या आदिवासींकडंच होतं. शहरातून जाणाऱ्यानं शिकवायला नव्हे, शिकायला जावं ते यासाठी.

पण नोकरीचा राजीनामा लिहिण्याआधी काही प्रश्न विचारावेत. वस्तीची जमीन कुणाच्या नावावर आहे? महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही, हिमाचलात तर बाहेरच्यांसाठी नियम आणखी कडक आहेत. पाणी उन्हाळ्यात किती उरतं आणि आधी कुणाला मिळतं? स्वयंपाक, भांडी आणि झाडलोट यांची पाळी पुरुषांनाही येते का? आजारपणाचा खर्च कोण करणार? मन उडालं तर बाहेर पडताना हाती काय येईल? आणि शेजारच्या गावाला या वस्तीचा काही उपयोग आहे का, की तिथली माणसं फक्त मजुरीला येतात?

या प्रश्नांवर जिथं लोक हसून विषय बदलतात, तिथून चहा पिऊन परत यावं. जिथं वही काढून नियम दाखवतात, तिथं एक पावसाळा आणि एक उन्हाळा राहून पाहावं. कारण झाडं कुणीही लावतं. दुष्काळात शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी न तोडणं हे खरं अवघड काम. ते ज्यांना जमतं, त्यांचीच वस्ती टिकते.