कोठार कोणाच्या ताब्यात?

शेतीने माणूस स्थिर झाला, स्थैर्यातून गावे वसली, गावांची नगरे झाली आणि नगरांतून संस्कृती उभी राहिली, ही साखळी शालेय पुस्तकांनी इतकी घोटवून घेतली आहे की तिच्यातील एक कडी गळून पडल्याचे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पेरणारा आणि कापणारा हात एकच असताना धान्य तिसऱ्याच्याच कोठारात कसे गेले, ही ती कडी. ‘नवाश्मयुगीन क्रांती’ ही संज्ञा रूढ करणाऱ्या गॉर्डन चाइल्ड यांनी वरकड धान्याशिवाय राजा, पुरोहित आणि कारागीर पोसले जाऊच शकत नाहीत, हे स्वच्छपणे मांडले होते. पुढे त्या क्रांतीचा गौरव तेवढा लोकप्रिय झाला. वरकडाचा हिशेब मागे पडला.

तो हिशेब तपासण्यासाठी नाईल किंवा युफ्रेटिसच्या काठी जाण्याचे कारण नाही. घाटघरच्या परिसरात सह्याद्रीवर कोसळणारे पाणी घेऊन कुकडी पूर्वेकडे निघते आणि घोडनदीला मिळते. त्याच घोडनदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून अनेक वर्षे तेथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी यांच्या त्या परिश्रमांतून इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० या काळातील शेतकऱ्यांचे एक संपूर्ण गाव प्रकाशात आले. शंभराहून अधिक घरे मिळाली. सातू हे मुख्य पीक. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा. नदीचे पाणी अडवून वळवण्यासाठी बांध घातलेला होता, पाट खोदलेला होता. असे काम एका कुटुंबाचे नव्हे. साऱ्या गावाने खांद्याला खांदा लावल्याखेरीज ते होत नाही.

आता याच गावातील घरांकडे पाहावे. बहुतेक घरे लहान. कारागिरांची वस्ती पश्चिमेच्या कडेला. आणि मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर, त्याला लागून धान्याचे कोठार. या घराच्या अंगणात चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात बसत्या स्थितीत पुरलेल्या प्रौढ पुरुषाचा सांगाडा सापडला. तो गावचा प्रमुख असावा आणि कोठारातील धान्य त्याच्याकडे कररूपाने जमा होत असावे, असे ढवळीकरांचे अनुमान आहे. अनुमान म्हणूनच ते स्वीकारले पाहिजे. परंतु पाट साऱ्या गावाचा आणि कोठार एका घराच्या भिंतीला, ही वस्तुस्थिती मातीतच उमटलेली आहे. राजा, सैन्य, लेखनिक, नाणे यांतील काहीही अद्याप जन्माला आलेले नसताना विषमतेचा पाया घातला जात होता. अर्थात त्या प्रमुखाला आजच्या अर्थाने शोषक ठरवणे घाईचे होईल. दुष्काळी मुलखात सामायिक साठा ही गावाची गरज होती आणि तो राखणारा कोणीतरी हवाच होता. राखणदाराचा मालक केव्हा झाला, हा खरा प्रश्न आहे आणि तो झाला हे नंतरच्या इतिहासावरून दिसतेच. पुढे इ.स.पू. १००० च्या सुमारास पाऊसमान घटले, शेती आक्रसली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचे अवलंबन वाढले. अखेरीस गाव ओस पडले.

दख्खनची जड काळी जमीन मोठ्या प्रमाणावर लागवडीखाली येण्यास लोखंडी फाळ आणि अनेक बैलांचा नांगर लागला, असे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्रतिपादन केले. पुण्यात राहून जुन्नरच्या लेण्यांपर्यंत आणि घाटवाटांपर्यंत पायपीट करणाऱ्या या विद्वानाने इतिहास राजवंशांच्या याद्यांतून काढून नांगराच्या तासाशी आणून ठेवला. नांगराने वाढवलेल्या या वरकडावरच सातवाहनांचे राज्य उभे राहिले, आणि त्याचा एक कागद, म्हणजे दगड, घाटघरच्या माथ्याशी आहे. नाणेघाटातील लेण्यात राणी नागनिकेच्या नावाने प्रसिद्ध असलेला लेख केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणांची जंत्री देतो. दहा हजार एक गाई, अकरा हजार गाई, हजार घोडे, चोवीस हजार चारशे कार्षापण. एक गावही दक्षिणेत गेले. गावाबरोबर त्यातील कसणारे गेले की नाही, हे लेख सांगत नाही. भारतीय अंकचिन्हांच्या आरंभीच्या पुराव्यांत या लेखाची गणना होते. मेसोपोटेमियात उरुकच्या आद्य मातीच्या पाट्यांवर काव्य नाही, सातूचे आणि जनावरांचे हिशेब आहेत. येथेही अंक ठसठशीत आले ते दानाच्या मोजदादीसाठी. संख्या ही स्तुतिपाठकापेक्षा थोडी अधिक प्रामाणिक असते, एवढाच त्यातला दिलासा.

घाट उतरून कोकणातील बंदरांकडे जाणाऱ्या मालावर येथे जकात घेतली जात असे आणि माथ्यावरचा दगडी रांजण तिचाच, असे मानतात. जुन्नरच्या लेण्यांत याहून बोलका पुरावा आहे. तेथे धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिले आहे. धान्य पिकवणाऱ्यांनी दिलेल्या लेण्याचा लेख मात्र या यादीत ठळक नाही. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडेही ठेवी होत्या. भिक्षुसंघासाठी दिलेल्या जमिनी निवर्तनांत मोजून दिलेल्या होत्या. धर्म कोणताही असो, यज्ञाचा वा विहाराचा, त्याचा खर्च शेवटी खळ्यातूनच येत होता.

जेम्स स्कॉट या अभ्यासकाने २०१७ च्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक मुद्दा मांडला आहे. तृणधान्य जमिनीवर, एकाच वेळी पिकते. ते मोजता येते, साठवता येते, म्हणूनच त्यावर कर बसवता येतो. म्हणजे जे मोजता येते ते राज्याला दिसते. डोंगरातील माणसाने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. सतराव्या शतकाच्या मध्यास मोगलांनी या भागात जमिनीची मोजणी करून निश्चित सारा बसवला, तेव्हा महादेव कोळी खेमा नाईकाच्या नेतृत्वाखाली उठले. उठाव मोडला गेला. पकडलेल्यांची जुन्नरास मुंडकी उडवण्यात आली. शिवनेरीवरील काळा चबुतरा त्याची आठवण म्हणून दाखवला जातो. घाटघरच्या डोक्यावरील जीवधन किल्ल्यात दगडी धान्यकोठी अजून उभी आहे. तिच्यात साठलेले धान्य खालच्या खाचरांतूनच चढले असणार.

आजची मोजणी पाहिली तर चित्र पालटते, नियम तोच राहतो. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी खाचरात भात आणि उतारावर नाचणी-वरई घेतो. परंतु त्याच्या हाती रोख पैसा देतो तो हिरडा. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळात हिरड्याची अपरिमित हानी झाली. भरपाईसाठी आदिवासींना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. जे खळ्यावर येत नाही त्याला पीक मानायला शासनयंत्रणेची लेखणी अजूनही कचरते. वसुलीच्या वेळी मोजमापाने गाठले, भरपाईच्या वेळी मोजमापातून वगळले.

पाण्याचेही तसेच. कुकडी प्रकल्पाची येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाचही धरणे याच दोन तालुक्यांत आहेत. डिंभ्याच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव गेले. पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जाते. तेथील दुष्काळी शेतकऱ्याला ते मिळाले यात वावगे काही नाही, आणि त्याला घाटमाथ्याच्या आदिवासीचा शत्रू ठरवणारे राजकारण पक्षकार्यकर्त्यांनी कटाक्षाने टाळले पाहिजे. हरकत आहे ती, ज्यांच्या शिवारावर पाऊस पडतो त्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी वणवण करावी लागते, या व्यवस्थेला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य केली आहे. तिची अंमलबजावणी म्हणजे केवळ दावे मंजूर होणे नव्हे. बाळहिरडा वाळवण्याची जागा, साठवणुकीचे गोदाम, वजनकाटा आणि भाव ठरवण्याची नोंदवही ग्रामसभेच्या हाती येईपर्यंत तो हक्क कागदावरच राहतो. घाटमाथ्याच्या गावांत कार्यकर्त्यांनी पुढच्या हंगामापूर्वी प्रत्येक घराच्या हिरड्याच्या झाडांची नोंद ग्रामसभेच्या ठरावाने करून घ्यावी आणि तिची प्रत तहसील कचेरीत दाखल करून पोच घ्यावी.