ईपुस्तकातील कोष्टक : संपादकाचे उत्तरदायित्व

कोष्टक हा ग्रंथाचा अलंकार नव्हे; तो युक्तिवाद असतो. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या संहितेचे शुद्धीकरण केले. पाठनिश्चितीची ही परंपरा आपल्याला नवी नाही. आज पाठचिकित्सक एकेका ओवीचे निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ शेजारशेजारच्या रकान्यांत मांडतो, तेव्हा ती मांडणीच निष्कर्षाची दिशा सुचवीत असते. ईपुस्तक सिद्ध करताना मात्र तिच्याकडे केवळ टंकलेखनाची बाब म्हणून पाहिले जाते, हे चिंत्य आहे.

छापील पानाची रुंदी निश्चित असते. ईपब स्वरूपातील मजकूर सामान्यतः वाचकाच्या पडद्यानुसार व त्याने निवडलेल्या अक्षराच्या आकारानुसार पुन्हा जुळविला जातो. त्यामुळे मोकळ्या जागा सोडून जुळविलेले रकाने भ्रमणध्वनीवर विस्कटतात. यावर योजला जाणारा सोपा उपाय म्हणजे कोष्टकाचे चित्र घालणे. माझ्या एका दृष्टिहीन विद्यार्थ्याने पाठभेदांवरील असे एक ईपुस्तक वाचक-प्रणालीच्या साहाय्याने ऐकले. तीन पोथ्यांच्या तुलनेच्या जागी त्याला ‘चित्र’ एवढाच शब्द ऐकू आला. विवेचनाचा गाभाच त्याच्यापुरता नाहीसा झाला होता. ते पुस्तक मीच सिद्ध केले होते.

यातील तंत्र दुर्बोध नाही. कोष्टकाला, त्यातील प्रत्येक ओळीला व घराला एचटीएमएलमध्ये स्वतंत्र खूण असते. शीर्षकाच्या घराची खूण वेगळी असते. ती योग्य रीतीने दिल्यास ‘दुसरी पोथी’ हे शीर्षक आणि त्याखालील पाठ यांचा संबंध यंत्रालाही कळतो. मजकूर युनिकोडमध्ये असल्यास तो शोधता येतो. रेघा, अंतरे, अक्षरांचा आकार ही सजावट निराळ्या शैलीपत्रकात ठेवावी. रकाने फार झाल्यास कोष्टक विभागावे. पोथ्यांसाठी संक्षेपचिन्हे योजून त्यांचा खुलासा कोष्टकापूर्वीच करावा.

हे काम तंत्रज्ञाचे आहे, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु कोणता पाठ आधारभूत, कोणता रकाना कोणत्या शीर्षकाखाली आणि कोष्टक विभागल्यास तुलना कोठे तुटेल, हे तंत्रज्ञाने कसे ठरवावे? हे निर्णय संपादनाचेच आहेत. म्हणून पदव्युत्तर स्तरावरील संशोधनपद्धतीच्या अध्यापनात किमान एक पाठभेद-कोष्टक विद्यार्थ्याकडून स्वहस्ते बांधून घेतले जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अध्यापकांनीही ते शिकून घ्यावे. माझे पुस्तक मी पुन्हा बांधावयास घेतले आहे. त्याचा पहिला परीक्षक तोच विद्यार्थी असेल.