आधी छप्पर, मग रंग

वडिलोपार्जित घराच्या दुरुस्तीचे काम जो गृहस्थ आयुष्यात प्रथमच अंगावर घेतो, त्याचे लक्ष रंग, फरशी आणि स्वयंपाकघरातील ओटा यांकडे आधी जावे हे स्वाभाविक असले, तरी कोकणातील जांभ्या दगडाच्या घराची खरी परीक्षा पावसातच होते. म्हणून एक पावसाळाभर ओल कोठून उतरते, कोणता वासा वाळवीने पोखरला आहे, कोणते कौल सरकले आहे, याची टिपणे ठेवल्यावाचून मक्तेदाराला बयाणा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

चुन्यात बांधलेल्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविण्याचा आग्रह तर सर्वथा त्याज्य होय. कारण चुना भिंतीतील ओलावा बाहेर जाऊ देतो, सिमेंट तो आतच कोंडते, आणि कालांतराने भिंतीला लोणा लागून गिलाव्याचे पोपडे सुटू लागतात. चुन्याचे काम जाणणारे गवंडी विरळ झाले आहेत, ही तक्रार खरी. परंतु त्यांच्या शोधात महिना गेला तरी तो व्यर्थ नव्हे.

कामाची व्याप्ती, मालाची प्रत आणि हप्त्यांच्या तारखा करारनाम्यात लिहून घ्याव्यात, अंदाजपत्रकाचा पाचवा हिस्सा छप्पर उघडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित खर्चासाठी राखावा, आणि कौले वैशाखाअखेर पुन्हा चढतील अशीच तजवीज करावी.